तळ्याचा चार्ज

माझे सासरे माझ्यावर पहिल्यांदा ओरडले तेव्हा लग्नाला आठ दिवस झाले होते. मी फाटकातून नेहमीप्रमाणे धावत आत येत होते आणि ते अंगणातल्या तळ्याच्या काठावर बसले होते. "अगं, पळू नकोस! माशांना पाय ऐकू येतात!" त्यांच्या ओरडण्यानं होते नव्हते तेवढे सगळे मासे लिलीच्या पानांखाली गेले. मी म्हटलं, "बाबा, पाय कळतात, पण ओरडणं जास्त कळतं वाटतं." त्यांनी माझ्याकडे वर ते खाली एकदा पाहिलं. "वऱ्हाडातली आहेस हे पत्रिकेत होतं. एवढी वऱ्हाडातली आहेस हे नव्हतं," म्हणाले आणि पुन्हा तळ्याकडे तोंड करून बसले. आमचं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

मी अकोल्याची. इंजिनिअरिंगला पुण्यात आले आणि नोकरी लागली तशी इथलीच झाले. ते दिवस असे होते की हिंजवडीत रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि आम्ही सगळे कुठेतरी पोचायला उशीर झाल्यासारखे धावत होतो. धावत जेवायचो, धावत भांडायचो, मी तर झोपतेही घाईघाईनं असं माझा नवरा म्हणायचा. तोही त्याच धंद्यातला, त्यामुळे त्याला बोलायला तोंड नव्हतं.

आमचं घर कोथरूडला एका आतल्या गल्लीत, बैठं, पुढे एक गाडी राहील एवढं अंगण. सासऱ्यांचं बालपण सदाशिव पेठेत गेलं, पुढे नोकरीत असताना त्यांनी हे घर बांधलं. अंगणाची जागा खरं तर गाडीसाठीच ठेवलेली होती. पण मुलगा गाडी घेण्याच्या आधी सासऱ्यांची नोकरी संपली. पिंपरीच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. मशीनमधून निघालेला प्रत्येक नग मोजायचा आणि पास किंवा नापास करायचा, हे त्यांचं काम. मग संगणकावर चालणारी मशीनं आली. ती नग बनवायची तशीच मोजायचीही. कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगायचे. सासूबाई त्याआधीच दोन वर्षं गेल्या होत्या. मुलगी अमेरिकेत, मुलगा दिवसभर ऑफिसात. घरी बसलेला माणूस दिवसभरात मोजणार काय? त्यांनी अंगण खणलं.

तळं आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि माझ्या कमरेएवढं खोल. माझ्या लग्नाच्या वेळी ते जुनं झालं होतं, पण त्याची जन्मकथा मला इतक्यांदा ऐकावी लागली की मी ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगू शकते. सिमेंटचं नवं तळं माशांना मारतं, कारण चुना पाण्यात उतरतो. म्हणून त्यांनी त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून पाणी भरलं, आठवड्यानं उपसलं, पुन्हा भरलं. दोन महिने नुसतं पाणी भरणं आणि फेकणं चाललं होतं. गल्लीतले लोक विचारायचे, "काय, कारंजं का?" "नाही, केळीचं सार करतोय," हे त्यांचं उत्तर. मग एक दिवस ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच केशरी मासा घेऊन आले. बोटाएवढा. तो जगला तेव्हा दुसरा आणला. असे करत अकरा झाले. पहिला तोवर माझ्या हाताच्या कोपरापर्यंत लांब झाला होता, आणि पाण्यात त्याची चाल पंगतीत वाढप्यांवर नजर ठेवणाऱ्या यजमानासारखी होती. नवऱ्यानं पुढे गाडी घेतली ती रस्त्यावर उभी राहायची. गाडीला ओरखडे पडायचे तेव्हा तो तळ्याकडे नुसतं पाहायचा. बोलायची सोय नव्हती.

तळ्याचे नियम सोपे होते आणि मला एकही जमत नव्हता. काठाकडे हळू जायचं, शक्यतो अनवाणी. सावली एकदम पाण्यावर पाडायची नाही. चमच्यानं काठाच्या फरशीवर तीनदा वाजवायचं, थांबायचं, मग दाणे टाकायचे, तेही दोन मिनिटांत संपतील इतकेच. मला वाटायचं, भूक लागली असेल, टाकावे आणखी थोडे. "मासा आहे तो, जावई नाही. आग्रह करायचा नाही," ते म्हणायचे. "उरलेलं खाली बसतं, सडतं, पाण्यातली हवा खातं. मासे उपासानं मरत नाहीत, आपल्या प्रेमानं मरतात." नळाचं पाणी थेट तळ्यात घालायचं नाही, कारण त्यात जंतू मारायचं औषध असतं. त्यासाठी भिंतीला लागून चार निळी पिंपं होती. त्यात पाणी भरून निदान एक दिवस उघड्यावर ठेवायचं आणि मग थोडंथोडं बदलायचं. आणि हे सगळं करताना ते एक विटका निळा शर्ट घालायचे, कारखान्यातला, खिशावर शिवण उसवलेली. रोज तोच. मासे तो शर्ट ओळखतात असं त्यांचं म्हणणं होतं. मी हसायचे. मग एकदा पिवळा कुर्ता घालून मी चमचा वाजवला, तर अकरा जणांपैकी एकही वर आला नाही.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि नणंदेचा फोन आला की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, परकी जागा. तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी आजी-आजोबा मंडळी सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे असायची. कोणाच्याही घरी विचारा, "ते ना, डिलिव्हरीला गेलेत." पण ती आईनं करायची गोष्ट, आणि इथे आई नव्हती. नणंद म्हणाली, "बाबा, आई नाही. निदान तुम्ही या."

सासऱ्यांनी ठाम नकार दिला. "मासे कोण बघणार?"

नणंद फोनवर रडली. नवऱ्यानं समजावून पाहिलं. सासरे ऐकेनात. मी आठवडाभर गप्प बसले, जे मला झेपत नाही, आणि मग एका संध्याकाळी तळ्याच्या काठावर जाऊन उभी राहिले. "काहून हो बाबा, अकरा माशांपायी पोटच्या पोरीला नाही म्हणता?" रागात माझी अकोल्याची भाषा बाहेर येते.

त्यांनी पाण्यावरचं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "मासे बहाणा आहे गं. बाळंतपणात माझं काय काम? मला ना लाडू येत, ना बाळाला न्हाऊ घालता येत. तिथे नुसता सोफ्यावर बसून राहणार. ते काम मी इथेही करतोच."

मला एकदम भरून आलं. तीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर गेला नाही, त्या माणसाला एका योजनेनं हे पटवलं होतं की आपलं कुठे काही काम नसतं. आणि भरून आलं की मी चिडते. "मग आता बहाणाही नको," मी म्हटलं. "तळं मी बघते. एकही मासा मरणार नाही. तुम्ही जा, आणि नातवंड हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका."

"एकही?"

"एकही."

आता ते इन्स्पेक्टर झाले. "मग रीतसर चार्ज घे."

कारखान्यात पाळी बदलताना जुना माणूस नव्याला रजिस्टर दाखवून, सही करून सगळं ताब्यात देतो, तसं त्यांनी मला तळं ताब्यात दिलं. लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. दिनांक, पाणी, माशांचं वागणं, शेरा, असे रकाने पट्टीनं आखले. पहिल्या पानावर लिहिलं, "मासे अकरा दिले. गप्पी मोजणीत नाहीत." डासांसाठी सोडलेल्या गप्पींची पिल्लं त्यांनाही मोजता येत नव्हती, हा त्यांचा एकच पराभव. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. शेवटच्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "अडचण आल्यास," आणि त्याखाली चार ओळी. "पळू नये. आधी काठावर बसावे. मग पाणी पाहावे. रजिस्टरमध्ये खोटे लिहू नये." विमानतळावर निघताना तो निळा शर्ट घडी करून माझ्या हातात दिला. "हा घालत जा. तुझे ते झगमगीत कपडे बघून बिचारे घाबरतात."

पहिला महिना माझं कौतुक करावं असा गेला. रोज सकाळी ऑफिसच्या कपड्यांवर तो शर्ट चढवून मी अनवाणी काठाशी जायचे. आठ दिवस कोणी वर आलं नाही. नवव्या दिवशी पहिला, तो मोठा केशरी, वर आला, माझ्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि एक दाणा घेऊन गेला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. माझी बस चुकायला लागली, कारण दोन मिनिटांचे दाणे आणि मग दहा मिनिटं नुसतं बसणं, असं होऊ लागलं. मला बसता येतं हे मला पहिल्यांदाच कळत होतं. रविवारी सकाळी साडेआठला तिकडून फोन यायचा. नणंद तब्येतीचं सांगायची, मग सासरे फोन घ्यायचे. त्यांचा एकच प्रश्न. "किती?" मी म्हणायचे, "अकरा." "बरं," म्हणून फोन पुन्हा लेकीकडे.

मग गणपती आले.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. नवरा नेमका कामासाठी पंधरा दिवस बंगळूरला. पूजा मी एकटीनं केली, पुस्तकात बघून, आणि बरी केली. वीतभर उंचीची शाडूची मूर्ती होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले ती भिजून, वाहतुकीत दीड तास अडकून. विसर्जनाला नदीवर जायचं म्हणजे एका हातात गणपती आणि एका हातात स्कूटी. मी दारात उभी राहून विचार करत होते आणि समोर तळं होतं.

माझ्या माहेरी आमच्या परसातल्या विहिरीतच गणपती जायचे. दुसरीकडे नेल्याचं मला आठवतच नाही. आजोबा दोर बांधलेल्या पाटावर मूर्ती ठेवून हळूहळू खाली सोडायचे, आणि बाप्पा घरातच राहिला या आनंदात आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो. त्यामुळे मला यात काही चूक वाटली नाही. उलट फार बरं वाटलं. शाडू म्हणजे शुद्ध माती. फुलं-दूर्वा मी काढून ठेवल्या, तेवढं भान मलाही होतं. आरती म्हटली, मूर्तीच्या हातावर दही घातलं, माहेरच्या रीतीनं वाटेच्या शिदोरीचे दही-पोहे बरोबर दिले आणि निळा शर्ट घालून, अनवाणी, अगदी सावकाश, कोणालाही न घाबरवता मूर्ती पाण्यात सोडली. मासे जरा बाजूला झाले आणि पुन्हा आले. पोह्यांवर तर तुटून पडले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "विसर्जन तळ्यातच केले. मासे शांत." वर शेऱ्याच्या रकान्यात "प्रसन्न" असंही लिहिलं. आज ते पान पाहिलं की माझेच कान धरावेसे वाटतात.

सकाळी उठून बाहेर आले तर तळं नव्हतं, ताकाचं पातेलं होतं. पाण्याचा रंग पांढुरका, त्यावर तेलकट रंगीत साय. आणि सगळे मासे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून, आ वासून, एका लयीत हवा गिळत होते. मोठा केशरी मासा एका कडेला आडवा झाला होता. मी पळाले. काठाला ठेच लागली, अंगठ्याचं नख निघालं, तरी हात घालून त्याला वर धरला. तो हलला नाही.

काय झालं ते मला नंतर कळलं. माती विरघळून त्यांच्या कल्ल्यांत बसली होती आणि दह्या-पोह्यांनी रात्रभरात पाण्यातली हवा संपवली होती. मोठ्या माशाला हवा जास्त लागते, म्हणून तो आधी गेला. माशांच्या दुकानात कोणी फोन उचलेना, म्हणून शेजारच्या वाण्याला लावला, तर दुकान साडेदहाला उघडतं असं त्यानं सांगितलं, तेही मी त्याची झोपमोड केल्याच्या सुरात. तळ्यात हवा खेळवणारा छोटा पंप चिखलानं बसला होता. तो धुऊन चालू केला आणि पाच मिनिटांत वीज गेली. गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते, हे पुण्यात लहान मूलही जाणतं.

मग मला रजिस्टरचं शेवटचं पान आठवलं. पळू नये. आधी काठावर बसावे. मी खरंच बसले. अंगठ्यातून रक्त येत होतं, पण बसले. आणि बसल्यावर मला निळी पिंपं दिसली. चारही भरलेली, कारण महिनाभर मी ती न चुकता भरत आले होते.

मी ऑफिसात फोन केला. त्या दिवशी आमच्या अमेरिकेतल्या ग्राहकासमोर काम दाखवायचं होतं. साहेबांना सांगितलं, "सर, मी येऊ शकत नाही. घरी सीरियस आहे."

"ओह. कोण?"

"दहा जण."

पलीकडून "दहा?" एवढंच आलं. मग ते "टेक केअर, टेक केअर" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं असेल, जेवणातून विषबाधा. तसं तेही खोटं नव्हतं.

दिवसभर मी एवढंच केलं. तळाची माती आणि पोह्यांचा लगदा गाळणीनं काढला. गढूळ पाणी बादलीनं उपसून झाडांना घातलं आणि पिंपातलं पाणी झारीत भरून डोक्याएवढ्या उंचीवरून तळ्यात सोडलं. उंचावरून बारीक धारांनी पडलं की पाणी आपल्याबरोबर हवा घेऊन जातं. चार पिंपं संपली तेव्हा तळ्यातलंच पाणी झारीत भरून पुन्हा वरून सोडत राहिले. खांदे गेले, पाठ गेली. तोंडानं मी सारखी बोलत होते, कोणाशी ते माहीत नाही. "बाबांनो, नका रे. असं नका करू. मी चुकले, माझ्यावर रागवा, पण असं नका करू." दुपारी एक पांढरा मासा उलटा झाला. त्याला बाजूला ठेवला आणि झारी पुन्हा भरली. संध्याकाळी वीज आली, पंप सुरू झाला, आणि अंधार पडायच्या आत मला दिसलं की एका माशानं तोंड मिटलं. मग दुसऱ्यानं. हळूहळू ते खाली जायला लागले. नऊ.

दोघांना कढीलिंबाखाली पुरलं. रजिस्टर उघडलं आणि सगळं लिहिलं, दह्यासकट. शेऱ्यात लिहिलं, "चूक माझी."

पण रविवार समोर होता. नणंदेला नववा सरत आला होता. डॉक्टरांनी दहा-बारा दिवसांतली तारीख दिली होती. आणि मला माझे सासरे माहीत होते. मुळात आपण तिथे निरुपयोगी आहोत असं धरून बसलेल्या माणसाला मी "मोठा गेला" असं सांगितलं असतं, तर त्यांना तेवढंच हवं होतं. तळ्याला माझी गरज आहे, असं म्हणत पुढचं विमान धरून आले असते, आणि नणंद एकटी राहिली असती. शनिवारी मी माशांच्या दुकानातही जाऊन आले. तसाच केशरी, तसाच पांढरा, बोटाएवढे होते. पण कोपरापर्यंत लांब मासा ते येईपर्यंतच्या दोन महिन्यांत होत नाही, आणि ज्या माणसानं आयुष्यभर केसाएवढा फरक पकडला त्याला आपण काय फसवणार? रिकाम्या हातानं परत आले.

रविवारी फोन वाजला. "किती?"

"अकरा!" मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं."

तेवढंच. पुढच्या रविवारी मी साडेआठच्या आधीच फोनजवळ जाऊन बसले. त्यांनी आकडा विचारला नाही. म्हणाले, "काठावर बसतेस ना रोज?" मी हो म्हटलं, आणि ते खरं होतं. त्यानंतर चौथ्या दिवशी नात झाली. मग दर रविवारी नातीचंच. त्यांनी पुन्हा "किती" असं कधीच विचारलं नाही, आणि मी मूर्खासारखी देवाचे आभार मानत राहिले की नातीच्या नादात ते विसरले.

दिवाळीनंतर ते आले. नवरा विमानतळावरून घेऊन आला. मी फाटकात उभी, अंगात निळा शर्ट, कारण सकाळचं खाणं घालायचं बाकी होतं. ते चपला फाटकातच काढून, कोणाशी न बोलता, सावकाश काठाशी गेले. खाली बसले. खिशातून चमचा काढला, विमानातला होता. तीनदा वाजवला. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. लिलीखालून एकेक जण आला. पण ते त्यांच्यासमोर गेले नाहीत. काठाकाठानं फिरून मी जिथे उभी होते तिथे येऊन थांबले. नऊच्या नऊ.

मी मोठ्यांदा रडायला लागले. नवऱ्याला सगळं माहीत होतं, तो सामान घेऊन घाईघाईनं आत गेला.

"मोठा कुठे ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"कढीलिंबाखाली. आणि एक पांढरा."

त्यांनी कढीलिंबाकडे पाहिलं. नवी पालवी तरारून आली होती. "आमटी बरी होत असेल," म्हणाले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "रजिस्टर आण."

मी आणलं. त्यांनी काठावर बसूनच गणपतीचं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. बोट दह्यापाशी थांबलं, पोह्यांपाशी थांबलं. मी उभी होते. नापास झालेला नग कसा उभा राहत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"बाबा, मी फोनवर खोटं बोलले."

"ते मला तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "दर रविवारी 'अकरा' चालत यायचं, त्या दिवशी पळत आलं. मी वरची बॅग खाली काढली. कपडेसुद्धा भरले. तुझी नणंद दारात येऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवून. मग मी बसलो जरा. विचार केला, आपली सून इतकी भांडखोर बाई, चूक झाली तर तोंडावर सांगणारी. ही कशासाठी खोटं बोलली असेल? मग बॅग परत वर ठेवली."

"आणि पुन्हा विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुला दर रविवारी खोटं बोलायला लागलं असतं." ते पाण्याकडे पाहत होते. "नात कोणाकडे झोपायची नाही. आईकडे नाही, बापाकडे नाही. मी घेतली की पाच मिनिटांत झोपायची. सगळे विचारायचे, काय करता हो? मी म्हटलं, काही नाही, अनवाणी चालतो. रोज एकच शर्ट घालतो. दोन महिने तेवढंच काम होतं मला."

मी शर्टाची बटणं काढायला लागले, परत द्यायचा म्हणून. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग रजिस्टरचं पहिलं पान काढून, जिथे "मासे अकरा दिले" असं होतं त्याखाली, त्यांच्या त्या आखीव अक्षरात काही लिहिलं, सही केली आणि रजिस्टर माझ्या हातात देऊन चहाला आत गेले. तीस वर्षांत त्यांनी मालाचा एकही लॉट एका नगानंसुद्धा कमी घेतला नव्हता, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मी वाचलं.

"नऊ मिळाले. लॉट पास. चार्ज सुनेकडेच राहील."